वर्तुळाचा परीघ

नवा कणवेगवर्धक उभारावयाचा झाल्यास पहिला प्रश्न येतो तो त्याच्या वर्तुळाचा परीघ किती असावा, हा. खर्चासह बहुतेक गोष्टी त्यावरच ठरतात.

विद्युत्‌भारित कण वळविला, की तो प्रारणाच्या रूपाने ऊर्जा गमावतो. कणाची ऊर्जा दुप्पट केली, तर दर फेरीतील ही हानी सोळापट होते. वर्तुळ मोठे केले, तर ती कमी होते. जिनिव्हाजवळील सर्न या संस्थेच्या २७ किलोमीटर परिघाच्या बोगद्यात १९८९ ते २००० या काळात इलेक्ट्रॉन व पॉझिट्रॉन यांच्या टकरी घडविण्यात आल्या. त्यांची ऊर्जा आणखी वाढविणे या हानीमुळेच दुष्कर झाले. पुढे त्याच बोगद्यात प्रोटॉन फिरू लागले. प्रोटॉन इलेक्ट्रॉनाच्या सुमारे १८३६ पट जड असल्याने त्याची हानी फारच थोडी. मात्र त्याला वळविण्यास प्रबळ चुंबक लागतात, आणि मर्यादा पडते ती चुंबकांची.

सुमारे १५ मीटर लांब व ३५ टन वजनाचे हे चुंबक ज्या आधारांवर टेकलेले आहेत, ते भारतातून गेले. इंदूरच्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्राच्या देखरेखीखाली असे सुमारे ७,००० आधार तयार झाले. त्यांच्या साहाय्याने चुंबक मिलिमीटरच्या विसाव्या भागाइतका अचूक सरकविता येतो. गंमत अशी, की इतरत्र जी हानी, तीच इंदूरला हवी असते. तेथील इंडस-२ या १७२.५ मीटर परिघाच्या यंत्रात इलेक्ट्रॉन वळवितात ते या प्रारणासाठीच. त्यातील क्ष-किरणांनी पदार्थांची रचना तपासली जाते.

मार्च २०२५ मध्ये सर्नने प्रसिद्ध केलेल्या व्यवहार्यता अहवालात सुमारे ९१ किलोमीटर परिघाचा नवा बोगदा सुचविला आहे. अशा वर्तुळाची एक कड रायपूरला ठेवली, तर दुसरी साधारण भिलाईपर्यंत जाईल. पहिल्या टप्प्याचा अंदाजित खर्च सुमारे १५ अब्ज स्विस फ्रँक आहे. या टप्प्यात इलेक्ट्रॉन व पॉझिट्रॉन फिरतील आणि २०१२ मध्ये सापडलेल्या हिग्ज कणाची सूक्ष्म मोजमापे होतील. एवढ्या मोठ्या वर्तुळातही प्रत्येक शलाकेची ५० मेगावॅट हानी सतत भरून काढावी लागेल. यंत्र सरळ रेषेत बांधल्यास ही हानी टळते, पण तेथे कणांना टकरीची संधी एकदाच मिळते.

प्रोटॉनांची पाळी येईल ती २०७० च्या दशकात. त्यांच्यासाठी आजच्या सुमारे ८.३ टेस्लांऐवजी १४ ते १६ टेस्लांचे हजारो चुंबक लागतील. असे चुंबक मोठ्या संख्येने बनविण्याचे तंत्र अद्याप साधलेले नाही. बोगद्याचा परीघ मात्र त्यांच्या भरवशावर आताच ठरवावयाचा आहे.