बघण्याचे पैसे कुणी भरायचे?

शैक्षणिक संकेतस्थळ किंवा अ‍ॅप काढायला निघालेल्या माणसाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: व्हिडिओ ठेवायचे कुठे? गेल्या वीस वर्षांत या प्रश्नाचं उत्तर अनेकदा बदललं आणि दर वेळी आत्ताचं उत्तर कायमचं आहे असंच सगळ्यांना वाटलं. मागे वळून पाहताना मला मात्र दुसरीच गोष्ट दिसते. ठेवायला फारसा खर्च कधीच नव्हता. खर्च होता तो बघण्याचा. एक धडा हजार मुलांनी बघितला की तो हजार वेळा पोचवावा लागतो आणि त्या वाहतुकीचं भाडं कुणीतरी भरतंच. ते कुणी भरायचं, यावरच बाकीचं सगळं ठरत गेलं.

दूरदर्शनच्या जमान्यात भाडं सरकार भरत होतं. 15 ऑगस्ट 1984 रोजी विद्यापीठ अनुदान आयोगाचं ‘कंट्रीवाइड क्लासरूम’ सुरू झालं. त्याच वर्षी पुण्यात शाळकरी मुलांसाठी बालचित्रवाणी उभी राहिली. प्रक्षेपणाची खुबी अशी, की बघणारे दहा असोत की दहा लाख, खर्च तेवढाच. इंटरनेटला हे अजून जमलेलं नाही. पण वेळ चुकली की धडा हुकला. शिवाय टेप संस्थेच्या कपाटात, ती मुलाच्या हाती कुठून येणार? बालचित्रवाणी 2017 मध्ये बंदच झाली.

इंटरनेट आल्यावर हौशी शिक्षकांनी व्हिडिओ थेट आपल्या संकेतस्थळावर चढवायला सुरुवात केली. वर्षाला हजार-दोन हजारांत मिळणारी सामायिक होस्टिंगची जागा, तिला महिन्याची ठरावीक बँडविड्थ. एखादा धडा चांगला निघाला, चार शाळांत नाव झालं, की महिना संपायच्या आत पानावर धड्याऐवजी ‘बँडविड्थ लिमिट एक्सीडेड’ एवढीच पाटी. धडा लोकांना आवडणं हीच शिक्षा होती.

म्हणून 2005 साली आलेलं यूट्यूब वरदानच वाटलं, आणि ते होतंही. कितीही चढवा, कितीही जणांना दाखवा, बिल शून्य. अट एकच जाचक होती, लांबीची: सर्वसाधारण खात्याला 2006 पासून दहा मिनिटं, 2010 मध्ये पंधरा, आणि त्याच वर्षअखेरीस ती सैल झाली. सलमान खान (अकादमीवाले, सिनेमातले नव्हे) यांनी चुलत-मावस भावंडांसाठी चढवलेले धडे दहा मिनिटांच्या आतबाहेरचे होते, त्यामागे ही मर्यादाही होती. पुढे ‘छोटा व्हिडिओच परिणामकारक’ हे शिक्षणशास्त्राचं सूत्र म्हणून मिरवलं गेलं. त्यात तथ्य आहे, नाही असं नाही. पण त्याची एक आई यूट्यूबची नियमावली होती, हे विसरायला नको. आपल्याकडे आयआयटी आणि आयआयएससीच्या एनपीटीईएलने मात्र तासाभराची व्याख्यानं तशीच्या तशी यूट्यूबवर आणली आणि अभियांत्रिकीच्या पोरांनी ती परीक्षेच्या आदल्या रात्री दीडपट वेगाने बघितली.

फुकटाचं भाडं जाहिरातदार भरत होता, आणि जो भाडं भरतो तो गाडी कुठे थांबवायची तेही ठरवतो. आपल्या पानावर लावलेला धडा संपला की खाली भलतेच व्हिडिओ दिसू नयेत, म्हणून जाणकार मंडळी दुव्याच्या शेपटीला एक छोटी सूचना जोडत. सप्टेंबर 2018 मध्ये यूट्यूबने तिचा अर्थच बदलला. शिफारशी बंद होईनात, फार तर त्याच वाहिनीच्या दिसू लागल्या. 2021 च्या मध्यापासून भारतातही, वाहिनीने जाहिराती मागितलेल्या नसल्या तरी त्या दाखवण्याचा हक्क कंपनीने घेतला. मग अपूर्णांकाच्या बेरजेआधी कर्जाच्या अ‍ॅपची जाहिरात.

सगळ्यात जास्त फटका ‘अनलिस्टेड’वाल्यांना बसला. दुवा असेल त्यालाच दिसेल, शोधात येणार नाही, अशी ही सोय; कितीतरी शैक्षणिक संकेतस्थळं तिच्यावर उभी होती. सुरक्षेच्या कारणास्तव, 2017 पूर्वी चढवलेले असे सगळे व्हिडिओ 23 जुलै 2021 पासून आपोआप खासगी होतील, असं यूट्यूबने कळवलं. नको असेल तर अर्ज भरून सूट घ्यायची होती. पत्र गेलं खात्याच्या ईमेलवर. खातं ज्यांनी उघडलं ते गुरुजी एव्हाना बदलून गेलेले किंवा निवृत्त, पासवर्ड कुणाच्या वहीत ते ठाऊक नाही. अशा ठिकाणी एका दिवसात पानंच्या पानं काळ्या चौकटींनी भरली.

दरम्यान पलीकडच्या टोकाला, म्हणजे मुलाच्या घरी, वेगळाच इतिहास घडत होता. जिओ येण्याआधी एक जीबी डेटाला दोन-अडीचशे रुपये मोजावे लागत. त्यामुळे तंत्रस्नेही शिक्षकांनी शोधलेली होस्टिंगची पद्धत म्हणजे मेमरी कार्ड. तालुक्याच्या गावी नेट मिळालं की धडे उतरवून घ्यायचे, शाळेत फोन टू फोन वाटायचे. तुच्छतेने बघण्यासारखं त्यात काही नव्हतं; वाहतुकीचं भाडं एकदाच भरायचं, हे त्यांना बरोबर कळलं होतं. सप्टेंबर 2016 नंतर ‘रोजचा दीड जीबी’ आला आणि चित्र पालटलं. तरी घरात फोन एक आणि शिकणारी तिघं, हा हिशेब दीड जीबीतही बसत नाही.

2017 मध्ये आलेल्या ‘दीक्षा’ या सरकारी मंचाने मधला मार्ग काढला. तिथे धडा दोन तऱ्हांनी ठेवता येतो: प्रत्यक्ष फाइल म्हणून किंवा यूट्यूबचा दुवा म्हणून. फाइल असेल तर मूल ती उतरवून घेऊन नेटशिवाय बघू शकतं. दुवा असेल तर नाही. धडा तयार करणाऱ्याला दुवा चिकटवणं सोपं आणि बघणाऱ्याला फाइल सोयीची. माझ्या मते शैक्षणिक व्हिडिओचं अर्धं धोरण या एका निवडीत आहे, आणि ती बहुतेक वेळा घाईत, अपलोड करणाऱ्याच्या सोयीने झाली.

मग मार्च 2020, कोरोनाची टाळेबंदी. नेटवर ताण नको म्हणून व्हिडिओ कंपन्यांनी भारतात मोबाइलवरची चित्राची प्रत 480पीपर्यंत उतरवली. फळ्यावरचं गणित बघायला तेवढी प्रत पुरते. हे पूर्वीही खरं होतं, फक्त कुणी मान्य करत नव्हतं. आणि ज्यांच्याकडे फोनच नव्हता त्यांच्यासाठी जुलैमध्ये सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ आली, बालभारतीच्या पाठ्यक्रमावर बेतलेली. जुनी प्रक्षेपणाची वाट पुन्हा उपयोगी पडली.

त्यानंतर अ‍ॅपांचा पूर आला आणि भाडं भरायला विद्यार्थीच पुढे आला, फीच्या रूपाने. स्वतःच्या जागेवर व्हिडिओ ठेवायचा म्हणजे काय करायचं, हे एव्हाना स्थिरावलं होतं: धड्याचे सहा-सहा सेकंदांचे तुकडे करायचे, प्रत्येक तुकडा तीन-चार प्रतींत बनवायचा, आणि कोणता कधी मागायचा ते मुलाच्या फोनने नेटचा वेग बघून ठरवायचं. 2009 मध्ये अ‍ॅपलने आणलेली ही रीत आज सगळीकडे आहे.

हिशेब ढोबळ पण बोलका आहे. 480पीचा वीस मिनिटांचा धडा साधारण 120 एमबी. असे शंभर धडे सगळ्या प्रतींसकट अ‍ॅमेझॉनच्या साठवणीत ठेवायला महिन्याला शंभर-दोनशे रुपये पुरतात. तेच धडे दहा हजार मुलांनी वर्षभरात एकेकदा बघितले तर 120 टीबी वाहतूक होते. तिथल्या भारतासाठीच्या जाहीर दराने, जीबीमागे सुमारे अकरा सेंट, बिल जातं दहा लाखांच्या घरात. अमेरिकेतल्या मुलाला तोच धडा पाठवायला जीबीमागे साडेआठ सेंट पडतात, हेही जाता जाता. क्लाउडफ्लेअरसारखे काही जण जीबीऐवजी मिनिटांवर पैसे घेतात, हजार मिनिटं दाखवायला एक डॉलर. याच उदाहरणात ते वीस हजार डॉलर होतात, मात्र तुकडे पाडण्याचं काम त्यातच येतं. फळा आणि आवाज एवढाच असलेला धडा 30 एमबीतही नीट बसतो. जीबीच्या दरात त्याचं बिल पाव होतं, मिनिटांच्या दरात एक पैसाही कमी होत नाही. दरपत्रक कोणतं चांगलं, हे धडा कसा चित्रित केलाय त्यावर ठरतं, आणि हे विक्रेता आपणहून सांगत नाही.

व्हिमिओचा मधला पर्यायही बराच काळ छान चालला: जाहिराती नाहीत, वर्षाची ठरावीक वर्गणी. 2022 मध्ये महिन्याला दोन टीबीच्या मर्यादेवरून काही निर्मात्यांना अचानक हजारो डॉलरचे आकडे कळवले गेले आणि त्याची बरीच बोंब झाली. 2025 मध्ये ती कंपनीच इटलीच्या बेंडिंग स्पून्सने विकत घेतली.

क्लासवाल्यांची काळजी निराळी, चोरीची. वाइडवाइनचं कुलूप लावा, पडद्यावर विद्यार्थ्याचा मोबाइल नंबर तरंगत ठेवा, स्क्रीनशॉट बंद करा. दुसरा फोन समोर धरून चित्रण करणारा करतोच आणि रात्रीत टेलिग्रामवर धडा फिरतो. कुलपाने चोरी लांबते, एवढंच. तेवढ्यासाठी स्वस्त फोनवर प्रामाणिक मुलाचा धडा अडखळत असेल, तर मी ते कुलूप काढून टाकीन.

सध्या समंजस संस्था मिश्र पद्धत वापरतात: सर्वांसाठीचे धडे यूट्यूबवर, फीचे स्वतःच्या जागेवर, आणि दोन्हींची छोटी, उतरवून घेता येणारी प्रत वेगळी. मूळ चित्रण हार्ड डिस्कवर, दोन ठिकाणी. छापील पुस्तकांचा प्रश्न उरतोच. बालभारतीच्या क्यूआर कोडखाली सहा अक्षरांचा संकेत असतो. तो आधी ‘दीक्षा’वर जातो, त्यामागचा व्हिडिओ कधीही बदलता येतो. अनेक खासगी प्रकाशकांनी मात्र क्यूआरमध्ये थेट यूट्यूबचा पत्ता छापला. ती पुस्तकं अजून दप्तरात आहेत, आणि त्यातला पत्ता बदलायचा तर नवी आवृत्तीच काढावी लागते.