पायाखालच्या पाषाणाचे शिक्षण

सह्याद्रीच्या घाटात समोरच्या कड्यावर पायऱ्यांसारखे जे आडवे थर दिसतात, ते सुमारे ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वी भूगर्भातून उसळून थिजलेल्या लाव्हारसाचे होत, हे कळताच ज्याचे कुतूहल शमण्याऐवजी वाढते, त्या विद्यार्थ्याने भूशास्त्राकडे अवश्य वळावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

पुण्याचे फर्ग्युसन महाविद्यालय व तेथील विद्यापीठ, तसेच पवईची आयआयटी येथे हा विषय शिकता येतो. खडकाचा ०.०३ मिलिमीटर जाडीचा छेद सूक्ष्मदर्शकाखाली धरला की काळ्याठिक्कर पाषाणातही स्फटिकांचे रंग उजळतात. परंतु या विद्येची खरी शाळा म्हणजे हातोडा, होकायंत्र आणि भिंग घेऊन उन्हातान्हात केलेली पायपीट.

पदवीनंतर काय, हा पालकांचा प्रश्न रास्त आहे. १८५१ साली स्थापन झालेल्या भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्यातील नेमणुका संघ लोकसेवा आयोगाच्या परीक्षेतून होतात. चंद्रपूरच्या कोळसाखाणी, भंडाऱ्याचे मँगॅनीज, मुंबईलगतच्या समुद्रातील तेलक्षेत्र, धरणे आणि बोगदे या सर्वांनाच भूशास्त्रज्ञ लागतो. ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपाने हादरलेल्या कोयनेच्या मुलखात, भूकंपाचे मूळ शोधण्यासाठी, सुमारे ३ किलोमीटर खोल छिद्र घेण्यात आले, तेही याच शास्त्राच्या बळावर.

तथापि महाराष्ट्राला या विद्येची सर्वांत निकड आहे ती पाण्यासाठी. अखंड काळा पाषाण पाणी धरीत नाही. ते साठते वरच्या झिजलेल्या मुरुमात, भेगाळ थरांत आणि दोन लाव्हाथरांच्या सांध्यांत, म्हणूनच एका बांधाच्या अलीकडे विहिरीला झरा लागतो आणि पलीकडे शेतकऱ्याचे कर्ज तेवढे खडकात जिरते. गेरूचा तांबडा पट्टा कोठे आहे, पोकळ्यांचा मांजऱ्या खडक किती खोल आहे, हे वाचून ठिकाण सुचविणारा भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेतील अधिकारी पाण्याची हमी देऊ शकत नसला, तरी त्या कुटुंबाची जोखीम नक्कीच कमी करतो. माझ्या दृष्टीने याहून मोलाचा हुद्दा या विद्येत दुसरा नाही.

विद्यार्थ्यांना माझी एवढीच विनंती, की येत्या सुटीत गावी नवी विहीर खोदली जात असेल तर जाणत्या माणसाबरोबर तिच्या काठी जावे, उघड्या पडलेल्या भिंतीतील थर वरून खाली मोजावेत, आणि तेथे मन रमले तर प्रवेशाचा अर्ज निःशंकपणे भरावा.