चाकांवरचा संसार

मोटरहोम म्हणजे चाकांवरचं घर. ओटा, फ्रीज, बिछाना, न्हाणीघर, सगळं एका गाडीत! अमेरिकेत ऑरेगनला राहणाऱ्या माझ्या ताईनं आणि भावोजींनी निवृत्तीनंतर असंच एक १९९८ सालचं जुनं मोटरहोम घेतलं.

भावोजींना हौस छतावर सोलर पॅनेल बसवायची. ताई म्हणाली, "आधी टायर बघा." टायर दिसायला अगदी कोरे, नक्षी शाबूत! पण टायरच्या बाजूला चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. यांच्यावर होतं २३१२. म्हणजे २०१२ सालातला तेविसावा आठवडा! मोटरहोम बरेच महिने उभंच असतं. टायर झिजत नाही, पण रबर म्हातारं होतं, तडकतं. भर वेगात फुटला तर? यलोस्टोनला निघायच्या तोंडावर दोघांत चांगलीच जुंपली. शेवटी सोलरचे पैसे टायरांना गेले. मागे जोडचाकं, म्हणजे एकूण सहा!

मग ताई छतावर चढली. सांध्यांतलं सीलंट भेगाळलं की पाणी आत मुरतं, लाकडी सांगाडा कुजतो आणि बाहेरून पत्ता लागत नाही. तिनं जुनं खरवडून नवं भरलं. आपण पावसाळ्याआधी कौलं शाकारतो, तसंच की!

राहिला गॅस. प्रोपेन आपल्या सिलिंडरमधल्या गॅससारखाच हवेपेक्षा जड, खाली साचतो. म्हणून गळती ओळखणारं यंत्र जमिनीलगत बसवतात. त्याचंही आयुष्य साधारण पाच ते सात वर्षांचं. यांच्या यंत्राचा हिरवा दिवा लागत होता, पण मागची तारीख केव्हाच उलटलेली. या खेपेला भावोजींनी वाद घातला नाही. गुपचूप नवं घेऊन आले.