कॅटनिपचा वाफा आणि पक्ष्यांचे दाणे

अमेरिकेतील उपनगरांत घरामागच्या परसबागेला लहानशा उद्यानाचे रूप देण्याची जी रीत आहे, तिच्यात पक्ष्यांसाठी दाण्यांनी भरलेले भांडे, म्हणजे बर्ड फीडर, एखाद्या फांदीला टांगलेले असते, खाली पाण्याची उथळ परात ठेवलेली असते, आणि त्याच बागेच्या एका कडेला पुष्कळदा कॅटनिप या सुगंधी वनस्पतीचे झुडूपही हौसेने लावलेले असते. दाणे पक्ष्यांवरच्या प्रेमापोटी ठेवलेले असतात आणि कॅटनिप मांजरावरच्या प्रेमापोटी लावलेले असते; परंतु ही दोन प्रेमे एकाच वाफ्याच्या आसपास नांदू लागली की त्यांची किंमत पक्ष्यांना मोजावी लागते. हे कसे घडते हे समजून घ्यायचे तर त्या झुडपाचा स्वभाव आणि मांजराचा स्वभाव, दोन्ही जवळून पाहावे लागतात.

कॅटनिप ही तुळस, सब्जा आणि पुदिना यांच्याच कुळातील वनस्पती असून तिचे शास्त्रीय नाव नेपेटा कॅटारिया असे आहे. या कुळाची ओळख सांगणारे चौकोनी खोड तिला असते, पाने करवतीसारख्या कडांची आणि मऊ लव असलेली असतात, आणि उन्हाळ्यात शेंड्याला तुळशीच्या मंजिरीची आठवण करून देणारे पांढरट फुलांचे तुरे येतात, ज्यांवर मधमाश्यांची सतत वर्दळ असते. मुळात ही वनस्पती युरोपची आणि पश्चिम व मध्य आशियाची. युरोपीय वसाहतवाल्यांनी काढ्यासाठी आणि घरगुती औषधासाठी ती सोबत नेली आणि मग ती अमेरिकेच्या रस्त्यांकडेला व पडीक जमिनींवर आपोआप पसरली. तिच्या पानांवरील सूक्ष्म ग्रंथींत जे उडनशील तेल साठते, त्यातील मुख्य द्रव्याला नेपेटॅलॅक्टोन म्हणतात. विस्कॉन्सिन राज्यातील मॅडिसन येथील विद्यापीठात सॅम्युएल मॅकएल्वेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे द्रव्य १९४१ साली वेगळे करून दाखवले.

मांजराला या झुडपाचा वास लागला की त्याचे वागणे पाहण्यासारखे असते. ते आधी पानांजवळ नाक नेऊन थबकते, मग पाने चाटते, चावते, गाल आणि हनुवटी देठांवर घासते, डोके झटकते, तोंडातून लाळ गळू लागते, आणि शेवटी अंग जमिनीवर टाकून ते या कुशीवरून त्या कुशीवर लोळत राहते. हा सारा प्रकार पाच ते पंधरा मिनिटांत ओसरतो आणि त्यानंतर सुमारे तासभर तेच झुडूप समोर असूनही मांजर त्याच्याकडे ढुंकून पाहत नाही. सर्वच मांजरांना ही ओढ नसते. ती आनुवंशिक असून साधारण तीनपैकी दोन मांजरांत दिसते, आणि तीन महिन्यांच्या आतल्या पिल्लांत बहुधा दिसतच नाही. सिंह, बिबट्या आणि जॅग्वार यांसारखी मोठी मार्जारकुलीन जनावरेही या वासाला प्रतिसाद देतात.

वनस्पती हे द्रव्य मांजरांसाठी तयार करत नाही, हे १९६४ साली थॉमस आयस्नर या कीटकशास्त्रज्ञाने दाखवून दिले : नेपेटॅलॅक्टोनच्या वासाने अनेक कीटक दूर पळतात, म्हणजे ते झुडपाचे संरक्षक कवच आहे. मग मांजर त्यात का लोळते, या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर मिळायला २०२१ साल उजाडावे लागले. जपानमधील इवाते विद्यापीठात मासाओ मियाझाकी यांच्या गटाने कॅटनिपबरोबरच मातातबी या जपानी वेलीचा अभ्यास केला, जिच्या पानांत नेपेटॅलॅक्टोल नावाचे जवळचे द्रव्य असते. त्या वासाने मांजराच्या रक्तात बीटा-एंडॉर्फिन हे सुखद भावना निर्माण करणारे, शरीरातच तयार होणारे द्रव्य वाढते, आणि अफूजन्य औषधांचा परिणाम रोखणारे औषध आधी दिले तर मांजराचे पानांवर अंग घासणे थांबते, असे त्यांना आढळले. याहून महत्त्वाचे म्हणजे, अंग घासल्याने द्रव्य मांजराच्या केसांना लागते आणि अशा मांजरावर डास कमी बसतात. जी क्रिया केवळ नशा वाटत होती, तिच्यामागे डासांपासून बचाव करण्याची जुनी उपजत सोय असावी, असे आता मानले जाते. पाने चावून चुरगाळल्याने ही द्रव्ये अधिक प्रमाणात बाहेर पडतात, हेही याच गटाने पुढच्या वर्षी दाखवले. मराठी वाचकाला याचे प्रत्यंतर पाहायला अमेरिकेत जाण्याची गरज नाही, कारण पावसाळ्यात आपल्याकडे कुंपणालगत आणि पडक्या भिंतींच्या कडेला उगवणारी खोकली, जिला कुप्पी असेही म्हणतात, ती मुळासकट उपटली असता तिच्या मुळांवर मांजरे अशाच रीतीने तुटून पडतात. ही वनस्पती मात्र पुदिन्याच्या नव्हे, एरंडाच्या कुळातील आहे.

पानाला इजा झाल्याखेरीज वास फारसा सुटत नाही, ही गोष्ट युरोपातील माळ्यांना रसायनशास्त्राच्या कितीतरी आधी ठाऊक होती. रोप उपटून दुसरीकडे लावले तर हाताळताना पाने चुरगळतात आणि मांजरे रात्रीतून वाफा भुईसपाट करतात, परंतु बी थेट जमिनीत टाकले तर उगवलेली रोपे बहुधा सुखरूप राहतात, असा त्यांचा अनुभव होता. कॅटनिपचा वाफा म्हणजे मांजरांना धाडलेले आमंत्रण असते, आणि ते घरच्या मांजरापुरते मर्यादित राहत नाही, तर आळीतील प्रत्येक मोकळ्या बोक्याला आणि भाटीला पोहोचते. काही बागप्रेमींची अशी समजूत असते की कॅटनिपमध्ये गुंगलेले मांजर पक्ष्यांचा नाद सोडते. ही समजूत चुकीची आणि घातकही आहे, कारण गुंगी काही मिनिटांची असते, तर त्यानंतर मांजर त्याच बागेत, त्याच झुडपाच्या सावलीत, तासन्‌तास पूर्ण सावध अवस्थेत बसून राहते. दोन-तीन फूट वाढलेले दाट झुडूप ही दबा धरण्याची उत्तम जागा असते, आणि दाण्यांचे भांडे तिथून एका झेपेच्या अंतरावर असेल तर पक्ष्याला सुटकेची संधी जवळजवळ उरतच नाही.

पोटभर खाऊ घातलेले मांजर शिकार करत नाही, हा तर सर्वांत पक्का रुजलेला गैरसमज आहे. मांजराच्या मेंदूत भूक आणि शिकारीची ऊर्मी या बऱ्याच अंशी स्वतंत्र यंत्रणा आहेत. १९७६ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात आवडीचे मासे खात असलेल्या मांजरांसमोर जिवंत उंदीर सोडला असता त्यांनी खाणे अर्धवट टाकून उंदीर मारला, तो आपल्या ताटलीजवळ आणून ठेवला आणि मासे खाणे पुढे चालू केले. रानटी पूर्वजाला दिवसातून अनेक लहान शिकारी कराव्या लागत आणि त्यांतील पुष्कळ प्रयत्न फसत, त्यामुळे भूक लागेपर्यंत थांबणारे जनावर तगले नसते. माणसाच्या सहवासात सुमारे साडेनऊ हजार वर्षांपासून राहणाऱ्या या प्राण्याला माणसाने जवळ केले तेही धान्यावरच्या उंदरांसाठी, म्हणजे शिकारीच्या गुणासाठीच. मांजराला क्रूर ठरवणे यामुळेच अन्यायाचे आहे. हा प्रश्न मांजराच्या नीतीचा नसून माणसाच्या व्यवस्थेचा आहे.

सर्वाधिक धोका असतो तो नुकत्याच घरट्याबाहेर पडलेल्या पिल्लांना. उत्तर अमेरिकेत ग्रे कॅटबर्ड नावाचा पक्षी आहे : साधारण बुलबुलाच्या आकाराचा, अंगाने राखाडी, डोक्यावर काळी टोपी असलेला, आणि बुलबुलासारखाच शेपटीच्या बुडाखाली तांबूस. त्याचा एक आवाज हुबेहूब मांजराच्या म्यावसारखा असल्याने त्याला हे नाव पडले. तो जमिनीपासून फार उंच नसलेल्या दाट झुडपांत घरटे करतो, आणि त्याची पिल्ले जेमतेम दहा-बारा दिवसांत, पंखांत पुरते बळ येण्याआधीच, घरट्यातून उतरतात व पुढचे काही दिवस झुडपांच्या बुंध्याशी फडफडत, आईबापांना हाका मारत काढतात. वॉशिंग्टनलगतच्या मेरीलँडमधील उपनगरांत संशोधकांनी अशा पिल्लांना लहान रेडिओ-प्रक्षेपक बांधून त्यांचा माग काढला. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात दर पाच मृत्यूंपैकी जवळजवळ चार भक्षकांमुळे झाल्याचे दिसले, आणि ज्या घटनांत भक्षक ओळखता आला त्यांतील जवळजवळ निम्म्या घटनांत तो मांजर होता. आपल्याकडच्या बुलबुलाची आणि दयाळाची पिल्लेही अशीच उडता येण्याआधी खाली उतरतात, आणि जमिनीवर बसलेले पिल्लू ‘पडले’ आहे असे समजून लोक त्याला उचलतात, तेव्हा खरे तर आसपास फिरणारे मांजर घरात घेणे हीच त्याला सर्वांत मोठी मदत असते.

ज्या विस्कॉन्सिन विद्यापीठात नेपेटॅलॅक्टोन प्रथम वेगळे झाले, त्याच विद्यापीठात अर्ध्या शतकानंतर स्टॅनली टेम्पल आणि जॉन कोलमन यांनी ग्रामीण भागातील मोकळ्या मांजरांचा अभ्यास करून त्या एका राज्यात दरवर्षी कित्येक लाख नव्हे, तर काही कोटी पक्षी मांजरांना बळी पडत असावेत, असा अंदाज मांडला आणि मोठे वादळ उठले. पुढे २०१३ साली स्कॉट लॉस, टॉम विल आणि पीटर मारा यांनी साऱ्या देशासाठी हिशेब केला, तो अमेरिकेच्या मुख्य भूमीवर वर्षाला १३० कोटी ते ४०० कोटी पक्षी असा आला. या दोन टोकांमधील अंतर मोठे आहे, कारण बेवारस मांजरे देशात नेमकी किती हेच कोणाला नीट मोजता आलेले नाही, आणि याच अभ्यासानुसार पक्ष्यांचे बहुसंख्य बळी पाळीव नव्हे, तर बेवारस मांजरे घेतात. तरीही खालचा आकडासुद्धा काळजी वाटावी इतका आहे. जंगलातील शिकारी प्राण्याची संख्या भक्ष्याच्या संख्येने बांधलेली असते, भक्ष्य घटले की तोही घटतो. मांजराचे पोट मात्र माणसाने ठेवलेल्या वाडग्यावर भरते, म्हणून पक्षी कितीही कमी झाले तरी मांजरे कमी होत नाहीत. निसर्गाच्या तोलात न बसणारी गोष्ट ती हीच.

ब्रिटनमध्ये चित्र थोडे वेगळे रंगवले जाते. तेथील मांजरे वसंत आणि उन्हाळ्यात मिळून सुमारे २ कोटी ७० लाख पक्षी पकडतात, असा अंदाज असूनही, पक्षिरक्षणासाठी झटणारी तेथील सर्वांत मोठी संस्था असे म्हणते की देशभरातील पक्ष्यांची घट मांजरांमुळे होत असल्याचा पुरावा नाही, कारण बळी जाणारे पुष्कळसे पक्षी अशक्त असतात आणि तसेही हिवाळा काढू शकले नसते. या युक्तिवादात तथ्य आहे, पण तो मुबलक असलेल्या पक्ष्यांपुरता. ज्या पक्ष्याच्या मोजक्या जोड्या उरल्या आहेत त्याला तो लागू पडत नाही. म्हणूनच जर्मनीतील वॉल्डॉर्फ या गावात २०२२ साली, जमिनीवर घरटे करणाऱ्या तुरेवाल्या चंडोलाच्या शेवटच्या काही जोड्या वाचवण्यासाठी, गावाच्या एका भागातील मांजरे वसंतापासून ऑगस्टअखेरपर्यंत घरात ठेवण्याचा आदेश निघाला आणि तो मोडणाऱ्यास दंड ठरवला गेला. मांजरपालकांनी त्याला कडाडून विरोध केला.

आदेशापेक्षा सौम्य उपायही आहेत आणि त्यांची नीट पारख झाली आहे. इंग्लंडमधील एक्सेटर विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२१ साली साडेतीनशेंवर मांजरांवर केलेल्या अभ्यासात, मांसातील प्रथिने भरपूर असलेले धान्यविरहित खाद्य दिल्याने घरी आणल्या जाणाऱ्या शिकारीत ३६ टक्के, तर दररोज केवळ पाच-दहा मिनिटे पिसाच्या खेळण्याने शिकारीसारखा खेळ खेळल्याने २५ टक्के घट झाली. भडक रंगीत कापडाच्या गळपट्ट्याने पक्ष्यांची शिकार ४२ टक्क्यांनी घटली, कारण पक्ष्यांची रंगदृष्टी तीक्ष्ण असल्याने त्यांना मांजर वेळीच दिसते. ज्याच्यावर परंपरेने विश्वास ठेवला जातो त्या घुंगराचा मात्र काही उपयोग दिसला नाही. यातही एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी की घरी आणलेली शिकार हा खऱ्या शिकारीचा लहानसा भाग असतो. जॉर्जिया राज्यात मांजरांच्या गळ्यात छोटे कॅमेरे बांधून केलेल्या पाहणीत चार शिकारींपैकी जेमतेम एकच घरापर्यंत पोहोचल्याचे दिसले. तोंडातून सोडवलेला पक्षी वरवर धडधाकट दिसला तरी मांजराच्या लाळेतील जिवाणूंमुळे तो बहुतेकदा एक-दोन दिवसांत दगावतो, म्हणून त्याला उडवून न देता पशुवैद्याकडे नेणे इष्ट असते.

बागेच्या मांडणीत दाण्यांचे भांडे कोणत्याही दाट झुडपापासून किमान दहा-बारा फूट दूर असावे, आणि ज्या घरात पक्ष्यांना दाणे घातले जातात तेथे कॅटनिप उघड्या वाफ्यात न लावता कुंडीत, उन्हाच्या खिडकीत, घराच्या आत ठेवावे. ज्यांना ते बागेतच वाढवायचे आहे त्यांनी बी टाकून, जाळीखाली वाढवावे आणि फुलोऱ्याच्या सुमारास देठ कापून, जुड्या बांधून सावलीत उलट्या टांगून वाळवाव्यात. नेपेटॅलॅक्टोन उडून जाणारे असल्याने वाळलेली पाने घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवावी लागतात. त्यातील चिमूटभर पाने बोटांनी चुरडून खिडकीजवळच्या जुन्या सतरंजीवर टाकली की मांजर तेथेच यथेच्छ लोळते, आणि पुढचा तासभर काचेपलीकडच्या पक्ष्यांकडे टक लावून, शेपटीचे टोक हलवत बसून राहते.