जुना लॅपटॉप नेमका कुठे अडतो?

सुरू होण्याची साखळी

बटण दाबल्यापासून डेस्कटॉप दिसेपर्यंत लॅपटॉपमध्ये एकामागून एक कामे होतात. विंडोज एक्सपीच्या काळातील, म्हणजे २००१ नंतरच्या काही वर्षांतील यंत्रात प्रथम मदरबोर्डवरील बायोस जागा होतो आणि प्रोसेसर, रॅम, कळफलक यांची स्वचाचणी घेतो. मग तो हार्ड डिस्कचा ५१२ बाइटचा पहिला सेक्टर वाचतो. तिथला छोटा प्रोग्रॅम एनटीएलडीआर या लोडरपर्यंत पोहोचवतो आणि लोडर विंडोजचा गाभा व ड्रायव्हर मेमरीत आणतो. यंत्र कुठे थांबले हे कळले की निदानाचे निम्मे काम होते. मात्र थांबण्याची जागा आणि बिघाडाची जागा एकच असेल, असे नाही.

काळा पडदा

दिवा लागतो, पंखा फिरतो, पण पडद्यावर काहीच येत नाही, तेव्हा पडद्यावर तिरका टॉर्च मारून पाहावा. अंधुक चित्र दिसले तर बिघाड पडद्यामागच्या दिव्यात किंवा त्याला वीज पुरवणाऱ्या इन्व्हर्टरमध्ये आहे; बाकीचे यंत्र सुरू झालेले आहे. चित्र अजिबात नसेल तर पहिला संशय रॅमवर जातो. अॅडॉप्टर व बॅटरी काढून पॉवरचे बटण अर्धा मिनिट दाबून ठेवले की साठलेला विद्युतभार निघून जातो. त्यानंतर रॅमच्या पट्ट्या काढून, त्यांचे सोनेरी संपर्क पुसून एकेक पट्टी आलटून पालटून लावली जाते. दुरुस्तीच्या दुकानांत त्यासाठी खोडरबर सर्रास वापरतात. आयसोप्रोपिल अल्कोहोल त्याहून बरे. काही यंत्रे बीप देऊन कारण सांगतात, पण त्या बीपची भाषा प्रत्येक बायोसची निराळी. अवॉर्ड बायोसमधील एक लांब व दोन आखूड बीप डिस्प्लेचा दोष दर्शवतात. दुसऱ्या बायोसमध्ये तो अर्थ गृहीत धरता येत नाही.

घड्याळाचा सेल आणि निळा पडदा

मदरबोर्डवर बहुधा सीआर २०३२ जातीचा, ३ व्होल्टचा सेल असतो. यंत्र बंद असताना घड्याळ चालते ते त्यावर, आणि त्या काळच्या बायोसमधील निवडीही त्याच्याच आधारावर टिकतात. सेल संपला की तारीख मागे जाते, आणि चुकीच्या तारखेमुळे ब्राउझर सुरक्षित संकेतस्थळांची प्रमाणपत्रे नाकारतो. इथवरचा त्रास किरकोळ. परंतु सेलबरोबर बायोसच्या निवडीही मूळ स्थितीला जातात. साटा डिस्क असलेल्या काही लॅपटॉपमध्ये डिस्कशी बोलण्याची पद्धत तेव्हा ‘आयडीई’वरून ‘एएचसीआय’वर जाते. एक्सपीमध्ये एएचसीआयचा ड्रायव्हर मुळात नसतो. परिणामी विंडोजला स्वतःचीच डिस्क दिसत नाही आणि शेवटी ७बी असलेला त्रुटिक्रमांक घेऊन निळा पडदा येतो. डिस्क निर्दोष असते, विंडोजही शाबूत असते. बायोसमधील ती एक निवड पूर्ववत केली आणि सेल बदलला की काम भागते. अशा वेळी घाईने विंडोज पुन्हा टाकणे व्यर्थ होय.

हार्डवेअरचा संघर्ष

प्रोसेसरचे लक्ष वेधण्यासाठी प्रत्येक उपकरणाला एक वाट लागते. तिला इंटरप्ट किंवा आयआरक्यू म्हणतात. १९८१च्या आयबीएम पीसीत अशा ८ वाटा होत्या. १९८४च्या पीसी एटीत त्या १६ झाल्या, पण दोन नियंत्रकांना जोडण्यात एक खर्ची पडल्याने हाती १५ उरल्या. त्यातील ० घड्याळाची, १ कळफलकाची, १२ बहुधा माउसची, १४ हार्ड डिस्कची. उरलेल्यांत मोडेम, साउंड, इन्फ्रारेड, सिरियल पोर्ट आणि पीसी कार्ड यांची दाटी. जुन्या आयएसए पद्धतीत दोन उपकरणांना एक वाट सहसा वाटून घेता येत नसे. नंतरच्या पीसीआय पद्धतीत ती सोय आली, अट एवढीच की ड्रायव्हर नीट लिहिलेले हवेत.

म्हणूनच एक्सपीच्या काळातील ‘कॉन्फ्लिक्ट’ बऱ्याचदा खरा संघर्ष नसतो. डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळ्या खुणेमागचा क्रमांक पाहावा. १२ म्हणजे उपकरणाला मोकळी संसाधने मिळत नाहीत. संघर्ष शोधायचा तो इथे. १० म्हणजे उपकरण सुरू होऊ शकले नाही, तर २८ म्हणजे ड्रायव्हरच बसवलेला नाही. खऱ्या संघर्षावर साधा उपाय म्हणजे न वापरले जाणारे इन्फ्रारेड किंवा पॅरलल पोर्ट बायोसमधून बंद करणे.

लोडर सापडत नाही

‘एनटीएलडीआर’ नसल्याचा संदेश घाबरवणारा असला तरी कित्येकदा कारण क्षुल्लक असते: फ्लॉपी किंवा पेन ड्राइव्ह लावलेला राहून गेलेला असतो आणि बायोस आधी तिकडेच वळतो.

सेफ मोड आणि त्याअलीकडचा पर्याय

एफ८ दाबून येणारा सेफ मोड मोजक्याच ड्रायव्हरांवर चालतो. त्यात यंत्र सुरू झाले तर दोष बहुधा नंतर आलेल्या ड्रायव्हरचा असतो. त्याच यादीत शेवटची यशस्वी मांडणी परत आणण्याचा पर्याय असतो. नव्या ड्रायव्हरनंतर एकदा लॉग इन झाले की हीच मांडणी ‘यशस्वी’ म्हणून नोंदली जाते, त्यामुळे हा पर्याय त्यापूर्वीच वापरावा लागतो.

डिस्कचा आवाज

हार्ड डिस्कमधून ठराविक अंतराने टकटक ऐकू येत असेल तर वरील सर्व प्रयोग थांबवणे शहाणपणाचे. डिस्क तपासणारा चेकडिस्कही मरणाऱ्या डिस्कवर ताणच टाकतो. आधी डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला यूएसबी अॅडॉप्टरने जोडावी आणि महत्त्वाच्या फाइली उतरवून घ्याव्यात. त्या काळातील २.५ इंची आयडीई डिस्कला बहुधा ४४ पिनांची जोडणी असते. तिला साटाचा अॅडॉप्टर चालत नाही.