रेडिओची लाकडी पेटी

नागपूरचे आकाशवाणी केंद्र १६ जुलै १९४८ रोजी सुरू झाले. त्या काळचे व्हॉल्व्हचे रेडिओ पुष्कळदा लाकडी पेटीत येत. आपल्या चंद्रपूर जिल्ह्यात (गडचिरोलीही १९८२ पर्यंत याच जिल्ह्यात होती) असा एखादा संच अजून शाळेच्या कपाटावर नाहीतर घराच्या माळ्यावर धूळ खात पडलेला सापडतो. मग कुणाला तरी उत्साह येतो, खिडक्यांना लावून उरलेला ऑइलपेंट त्यावर फिरतो आणि पेटी 'नवी' होते. वाळवीनेसुद्धा एवढे नुकसान केले नसते!

असे का म्हणतो? ही पेटी म्हणजे नुसते खोके नव्हे, तो आवाजाचाच एक भाग आहे. स्पीकरचा कागदी शंकू पुढे सरकला की समोरची हवा दाबली जाते, आणि त्याच क्षणी मागची विरळ होते. शंकू उघडा असेल तर पुढची हवा कडेने वळून मागे जाते व दोन्ही लहरी एकमेकींना मारतात. खर्जाच्या लहरी लांब असतात. सेकंदाला १०० कंपनांची लहर सुमारे साडेतीन मीटरची. म्हणून त्याच आधी मरतात, आणि तबला डबा वाजवल्यासारखा ऐकू येतो. पेटीची फळी या लहरींची वाट अडवते. तिचे सांधे सैल झाले की पेटी स्वतःच खरखरते, आणि लोक दोष देतात स्पीकरला.

आता पेटीकडे नीट पाहा. बहुतेक पेट्या भरीव सागवानी नसतात. आत प्लायवूड, आणि वर सागाचा किंवा अक्रोडाचा पातळ पापुद्रा सरसाने चिकटवलेला. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर, आणि जूननंतर ओल अशी की मीठ पाझरते. लाकूड आटते, फुगते. जुना सरस सुटतो आणि पापुद्रा कडेने उठतो. तो मिलिमीटरहूनही पातळ असल्याने पॉलिशपेपर जोराने घासला की खालचे प्लायवूड उघडे पडते. गेलेला पापुद्रा परत येत नाही.

काम सुरू करण्यापूर्वी वीज तोडाच, पण तेवढ्यावर विसंबू नका. कंडेन्सरमध्ये वीज साठून राहते. आतला सांगाडा जाणकाराकडूनच काढून घ्या. रिकाम्या पेटीवर मात्र कुणीही काम करावे, शाळेतली मोठी मुलेसुद्धा.

उठलेल्या पापुद्र्यावर ओलसर फडके ठेवून कोमट इस्त्री क्षणभर टेका. सरस मऊ होतो. मग कागद घालून वर सपाट फळी व वजन ठेवा, आणि दिवसभर हात लावू नका. सांधा सुटला असेल तर जुना सरस गरम पाण्याने पुसून काढा, वाळू द्या, नवा लावा आणि शिकंज्यात आवळा. बारीक भोकांतून पिठासारखा भुसा गळत असेल तर आत किडा जिवंत आहे. लाकडाचे कीटकनाशक आतल्या, बिनपॉलिशच्या बाजूने सोडा.

पॉलिशची पारख सोपी आहे. तळाशी, न दिसणाऱ्या जागी स्पिरिटचा एक थेंब टाका. जागा चिकट झाली तर बहुधा लाख आहे. तसे नसेल, तर पेटी पुसून मेण लावावे आणि थांबावे. लाख असेल तर तुमचे अर्धे काम रानानेच केले आहे! पळस, कुसुम, बोर यांच्या फांद्यांवर लाखेचा किडा जे कवच करतो, त्याचीच चपडी होते. ती स्पिरिटमध्ये रात्रभर भिजवा, गाळा, आणि मऊ सुती बोळ्याने पातळ हात द्या. एक वाळला की दुसरा. जाड थर एकदम देऊ नये, तो वाळताना सुरकुततो. इस्त्रीने आलेला पांढुरका डागही याच बोळ्याने बहुधा जातो. हे काम जानेवारी-फेब्रुवारीत काढा. पावसाळी हवेत लाखेवर पांढरी झाक येते. स्पिरिट पेटते, म्हणून चुलीजवळ नको.

स्पीकरपुढचे कापड फाटले असेल तर विरळ विणीचेच लावा, जाड कापड आवाज गिळते. मागच्या पुठ्ठ्याची भोके मात्र बुजवू नका. व्हॉल्व्ह तापतात, आणि ती ऊब तिथूनच बाहेर पडते.