संकल्प करावा तर बडोद्यात!

नव्या डायरीची पानं संक्रांतीच्या आसपास कोरी पडायला लागतात, हा आपला सगळ्यांचा अनुभव. बडोद्याच्या मराठी माणसांनी मात्र थक्क व्हावं इतकी कामं तडीला नेली. गुपित विचाराल तर बहुतेकांच्या मागे कुणीतरी हात धुऊन लागलेलं होतं!

मालेगावजवळच्या कवळाण्याचा गोपाळ १८७५ साली बडोद्याच्या गादीवर दत्तक आला, तेव्हा तो बारा वर्षांचा होता आणि अक्षरओळख यथातथाच होती. मग मराठी, गुजराती, उर्दू, इंग्रजी आणि जोडीला तालीम असं वेळापत्रक सुरू झालं. शाळा बुडवून राजवाड्यातून पळणार कुठे? १८८१च्या अखेरीस सयाजीराव म्हणून त्याने कारभार हाती घेतला.

याच महाराजांकडे १८८९मध्ये गोविंद सखाराम सरदेसाई 'वाचक' म्हणून नोकरीला लागले. महाराजांना पुस्तकं वाचून दाखवायची, राजपुत्रांना इतिहास शिकवायचा. शिकवायचं तर टिपणं हवीत. ती वाढत वाढत गेली आणि १८९८मध्ये 'मुसलमानी रियासत' छापून आली. पाठोपाठ मराठी आली, ब्रिटिशही आली, आणि सरदेसाई कायमचे 'रियासतकार' झाले. मधल्या काळात महाराजांच्या सांगण्यावरून मॅकियाव्हेलीचा 'प्रिन्स'ही मराठीत आणून झाला. (साहेबाने असं 'जरा एक काम होतं' म्हटलं की आपण रजेचा अर्ज शोधतो.) १९२५मध्ये निवृत्त झाल्यावर त्यांनी आराम म्हणून काय केलं? पेशवे दफ्तरातले ४५ खंड संपादले. मग ऐंशी ओलांडल्यावर मराठ्यांचा इतिहास इंग्रजीत, तीन खंडांत!

व्यायामाचा संकल्प आठवडाभर टिकला तरी आपण फोटो टाकतो. बडोद्याच्या आबासाहेब मुजुमदारांनी 'व्यायाम ज्ञानकोश' काढला: १९३६ ते १९४९, खंड दहा.

दादासाहेब फाळके बडोद्याच्या कलाभवनात शिकले. तिथे चित्रकलेबरोबर छायाचित्रणाचा नाद लागला. पुढे सिनेमासाठी पैसे हवे होते, पण सावकाराला पटवायचं कसं? फाळक्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि महिनाभर रोज थोडं थोडं चित्रण केलं. पडद्यावर अंकुर भराभर वाढताना दिसला आणि भांडवल उभं राहिलं. १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' झळकला. रोज थोडं काम करण्याचा इतका नगद मोबदला क्वचितच कुणाला मिळाला असेल.

आणि चिकाटीचा विक्रम? बडोद्याच्या प्राच्यविद्या मंदिराने १९५१ साली वाल्मीकी रामायणाच्या चिकित्सक आवृत्तीला हात घातला. गावोगावची हस्तलिखितं जमवून श्लोकन् श्लोक ताडून पाहायचा होता. सात कांडं पुरी व्हायला १९७५ साल उजाडलं. रामाचा वनवास चौदा वर्षांचा, संपादकांचा चोवीस.